कुप्यांची वाटणी

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला, धाकट्या दिराला, बिरूला, तिथे नोकरी लागली आणि तेव्हापासून भागूबाईच्या पोटात दुखायला लागलं. तिचा नवरा रहाटणीच्या रानात ढेकळं फोडायचा आणि जाऊ ठकुबाई 'आमचे हे कंपनीत' म्हणत नदीवर मिरवायची. मिरवायची कसली, कुणी विचारलं तर सांगायची. पण भागूबाईला तेही खुपायचं.

घर एकत्र होतं ते सासूच्या, अंबूबाईच्या, एका हट्टावर. घरात आलेली वस्तू दोन्ही सुनांत सारखी वाटायची. बांगड्या असोत की गुळाचा खडा, एकीला जास्त गेलं तर म्हातारी जेवायची नाही.

त्या हिवाळ्यात ठकुबाईच्या महादूला मांडीवर गळू झालं आणि ताप चढला. चिंचवडच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या कुप्या दिल्या, सगळ्या संपेपर्यंत रोज टोचायच्या म्हणून बजावलं. कंपाउंडर घरी येऊ लागला. सगळी आळी महादूला बघायला लोटली. भागूबाईच्या इंदूला साधं पडसं झालं होतं, तिला कोण विचारतंय!

भागूबाई तडक सासूपुढे जाऊन बसली. "आत्याबाई, त्यांचं पोर सोन्याचं आन् माझी पोर काय उकिरड्यावरची हाय?"

महादूचा ताप उतरला होता, गळूही बसत आलं होतं. अंबूबाईने निवाडा केला, "ह्याला आता बरं हाय. ऱ्हायलेल्या कुप्या इंदूला टोचा."

"पर डाक्टरांनी समद्या..." ठकुबाई चाचरली.

"मग आमी काय तुझं वाईट चिंतितो व्हय?" अंबूबाई कडाडली.

ठकुबाईने राहिलेल्या कुप्या आणून दिल्या. कंपाउंडरने इंदूला सुई टोचली. पोरीने भोकाड पसरलं आणि भागूबाईला किती दिवसांनी गार वाटलं.

आठवड्याभरात महादूचं गळू पुन्हा टरारून फुगलं. बिरूने धावपळ करून नव्या कुप्या आणल्या, पण ताप हलेना. डॉक्टर संतापले. "अर्ध्यात थांबवलंत. वाचलेल्या जंतूंना आता हे औषध लागू पडत नाही." कारखान्यात दिवसभर त्याच कुप्या खोक्यांत भरणारा बिरू नुसता बघत राहिला. महादू गेला.

ठकुबाई पुन्हा धुणं घेऊन नदीवर जाऊ लागली. पण इंदू अंगणात खेळायला आली की तिची नजर त्या पोरीवरून हलायची नाही. भागूबाईला ती नजर चांगली ओळखीची होती.

एके दिवशी ठकुबाई म्हणाली, "जाऊबाई, नशीब काढलंत तुमी. कशी टुणटुणीत पोर हाय."

हे ऐकायला भागूबाईचे कान किती वर्षं आसुसले होते. तिने इंदूला दंडाला धरून घरात ओढलं आणि आतून कडी लावली.