जसंच्या तसं

आईच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकायची ठरली तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "बाबांचं पुस्तक कुठे जाणार नाही ना?"

मला रागच आला. मी पंधरा वर्षं एका ऑफिसचे दोनशे कॉम्प्युटर सांभाळते. बॅकअप कसा घ्यावा यावर लोकांना भाषणं देते, तीही न मागता.

पुस्तक म्हणजे घड्याळदुरुस्तीचं. बाबा घड्याळजी होते. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि डोक्यातलं सगळं आईला सांगायला बसले. आई टायपिस्ट. तीस वर्षं तिने लोकांचे अर्ज, करार आणि प्रबंध बडवले. तिचा नियम असा की समोरचा बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. दोन वर्षांत दोनशे चौदा पानं झाली आणि बाबा गेले. ती पानं सिस्टिम टाकायच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी छापखान्यात द्यायची होती. कागदावर एकही नव्हतं, सगळं त्या कॉम्प्युटरात.

मी बॅकअप घेतला, तोही दोनदा. फोटो, विजेची बिलं, 'नवीन फोल्डर' नावाची अकरा रिकामी फोल्डरं, काही सोडलं नाही. मग जुनं सगळं पुसलं, नवी सिस्टिम टाकली आणि दोनच्या सुमारास मोठ्या थाटात पुस्तक उघडलं. 'घड्याळ' हवं तिथे प्रश्नचिन्ह, के, एम, एक वळवळणारी रेघ आणि सेमीकोलन असं काहीतरी होतं. दोनशे चौदा पानं तशीच.

आईचा मराठी फॉन्ट जुन्या काळचा. त्यात प्रत्येक मराठी अक्षर एखाद्या इंग्रजी अक्षराच्या घरात भाड्याने राहतं. फॉन्ट गेला की भाडेकरू गेले, घरमालक तेवढे उरले. फायली मी घेतल्या होत्या. फॉन्ट सिस्टिमच्या पोटात होता आणि ते पोट मी स्वतःच्या हाताने धुऊन काढलं होतं. नेटवरून तीन फॉन्ट उतरवून पाहिले. त्यातल्या बऱ्यापैकी एकात घड्याळाचं घोड्याळ झालं.

"आई, माझ्या हातून घोळ झालाय," मी म्हणाले.

आई आली, चष्मा लावला आणि त्या कचऱ्याकडे बघून वाचायला लागली. "घड्याळ उघडण्याआधी हात कोरडे करावेत."

मला वाटलं, पाठ असेल. मी नव्वदावं पान लावलं. तेही तिने वाचलं.

"तुला हे वाचता येतं?"

"प्रश्नचिन्ह आणि के म्हणजे घ. त्यात काय एवढं? व्ही, के, बी, झेड म्हणजे आई. बोटांना माहीत असतं ते."

मग ती वाचत गेली आणि मी नव्या फॉन्टमध्ये टाइप करत गेले. अकराव्या पानावर ती थांबली. डोळे चार ओळी खाली सरकले, तोंड बंदच. मग पुढचं वाचायला लागली.

"मधलं काय गाळलंस?"

"घड्याळाचं नाही ते."

"जसंच्या तसं ना?"

"टाइप कर तू."

पाच वाजेपर्यंत चौदा पानं झाली. तेवढ्यात छापखानेवाल्याचा फोन आला, उद्या येताय ना म्हणून. मी रडगाणं गायलं. "अहो, तो फॉन्ट आहे की माझ्याकडे," तो म्हणाला. "निम्मी गिऱ्हाइकं त्यातच आणतात. फाइल घेऊन या."

"अख्खी दुपार वाया गेली," मी म्हणाले.

"मला बरं वाटलं वाचून," आई म्हणाली.

सकाळी छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर भाडेकरू आपापल्या घरी परतले. मी थेट अकरावं पान काढलं.

'बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलताना श्वास रोखून धरावा. थांब जरा. बोटं दुखत असतील तुझी. दुकानापायी तुला कधी कुठे नेलं नाही मी. राग आहे का गं मनात? हे टाइप करू नकोस.'

खाली वेगळ्या ओळीत: 'नाही.'

दोनशे चौदा पानांत आईच्या पदरचा तेवढा एक शब्द. मला तिथेच, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्या उभ्या रडू आलं.

"हे चुकून राहिलेलं दिसतंय. काढू का?" छापखानेवाल्याने विचारलं.

मी आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांचं काढ. ते नको म्हणाले होते."

"आणि तुझं?"

"मला कुणी नको म्हटलं नव्हतं."

पुस्तक छापून आलं. अकराव्या पानावर, श्वास रोखून धरावा, याच्या खाली 'नाही' आहे. एका घड्याळजीचं पत्र आलंय, नक्की रोखायचा की नाही? आईने ते पत्र जपून ठेवलंय, उत्तर काही दिलेलं नाही.