पंख्यासाठी केलेली सही

"मालक म्हणून बोलावलंत आणि मेंढरांसारखं मोजलंत आम्हाला!"

माइकवर रोसेंडाचा, गावाच्या 'मनांग'चा म्हणजे थोरल्या ताईचा, आवाज फाटला. बास्केटबॉलच्या शेडखाली भाताचे पुडे सोडणारे हात थबकले. स्टेजवरचे संचालक एकमेकांकडे बघू लागले.

वीजसंस्था खासगी कंपनीला चालवायला द्यायची की नाही, आजच्या सभेत मत काय द्यायचं, सकाळपर्यंत तिचं काहीच ठरलं नव्हतं. फिलिपिन्समधल्या या बेटावरची वीज सभासदांच्या सहकारी संस्थेची. पहिले खांब लोकांनीच डोंगरावर वाहून नेले, तेव्हा तिच्या नवऱ्याचा खांदा सोलून निघाला होता. पण आता वीज दिवसातून सहा-सहा तास गायब! संस्थेत संचालकांच्या मेहुण्यांची खोगीरभरती, आणि इकडे रोसेंडाच्या फ्रीजरमधली मासळी सडतेय.

सभेला येताना जीपनीच्या वडापात शेजारचा एल्पिद्यो डिवचत होता, "मनांग, कंपनीला देऊन टाका. मालकीण म्हणे! मेणबत्ती लावून मिरवा मालकी."

"आणि उद्या कंपनीनं नाडलं तर बोंब मारायला मनिलाला जाऊ? संचालकाला निदान बाजारात गाठून शिव्या घालता येतात."

"शिव्यांवर फ्रीजर चालतो का?"

त्याचंही खोटं नव्हतं. दोन्ही बाजू ऐकून मत द्यायचं, एवढ्यासाठी तर तिनं आज मासळीचा गाळा बंद ठेवला होता.

दारात नेहमीचीच झुंबड. सही करा, सोडतीचा नंबर घ्या, भाताचा पुडा उचला. दरवर्षी हेच. सहीच्या वर काय छापलंय ते कोण वाचतो? तिनंही वाचलं नाही.

सोडतीत नेमका तिलाच पंखा लागला. टाळ्या पडल्या. खोकं कवटाळून ती स्टेजवर उभी, तोच अध्यक्षांनी सांगून टाकलं, "दारातल्या आपल्या सह्यांनी ठराव मंजूर. बेटाची वीज पंचवीस वर्षांसाठी कंपनीकडे. आभारी आहोत!"

"अहो, पण मतदान कधी झालं?" खालून एल्पिद्योच ओरडला.

तिनं खोकं अध्यक्षांच्या पायाशी आदळलं आणि माइक हिसकावला.

आता अध्यक्ष हसून म्हणाले, "मनांग, सही तुमचीच आहे ना?"

"माझीच. पंख्यासाठी केलेली. हा घ्या पंखा! अहो, मी कदाचित होच म्हटलं असतं. तुमच्या कारभाराला मीही विटलेय. पण मला विचारलंत कधी? कोणत्या दिवशी, कोणत्या तोंडानं? खाली बसणार नाही मी. उत्तर द्या!"