खालची कडी

“आधी त्यांचं सामान काढून घ्या,” नवरा म्हणाला. “हेलिकॉप्टर नाही, दुर्बीण नाही. नुसता माणूस आणि डोंगर. मग सांगा, अमेरिकेचे कमांडो पहिले कसे ते.”

“सामान वापरता येणं हीसुद्धा हुशारीच की, भावोजी,” तिचा धाकटा भाऊ म्हणाला आणि हळूच ताईकडे बघून हसला. त्याला कमांडोंचं सोयरसुतक नव्हतं. रविवारी बहिणीकडे यायचं, भावोजींना डिवचायचं आणि जेवून जायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम.

ती ओट्याशी भांडी पुसत होती. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. ब्रिटनवाले निवडीतच बहुतेकांना घरी धाडतात, म्हणून सगळ्यांत वर. रशियावाले थंडीत पक्के, पण उगाच राकट. इस्रायलवाले चपळ. नवऱ्याने एका जाड वहीत प्रत्येक देशाला गुण देऊन ठेवले होते आणि त्याचा निकष एकच होता: जो जास्त नापास करतो तो भारी. पदवीला घोकलेली रसायनं ती केव्हाच विसरली होती. ही वही मात्र डोक्यातून जात नव्हती.

तो स्वतः भरतीला गेला, तेव्हा त्याला ओल्या पायांनी फरशीवर उभं केलं होतं. डॉक्टरने ठसा बघितला आणि म्हणाला, पुढचा. सपाट तळवे. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. आता तो गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिवण तपासायचा आणि रोज किती गणवेश बाजूला फेकले ते घरी येऊन अभिमानाने सांगायचा.

“अहो, ती वरची कडी,” ती म्हणाली.

“बघतो.”

हे ‘बघतो’ तीन महिने चाललं होतं. बाथरूमच्या दाराची वरची कडी मोडली होती, म्हणून सगळे खालची लावायचे. खालची म्हणजे अडीच वर्षांच्या टिकलीच्या बरोबर हाताशी. ही धास्ती तिने चार वेळा बोलून दाखवली. त्यावर नवऱ्याने काय केलं, तर खालच्या कडीला तेल घातलं. बापलेकीचा खेळ होता ना, लष्करी तळाचा. रविवारी आंघोळीला दोघं आत गेली की टिकलीने कडी सरकवायची आणि ओरडायचं, “तळ बंद!” मग बाहेर हिने टॉवेल घेऊन ताटकळायचं. दोनदा टकटक, थोडं थांबून एकदा. तेव्हा कुठे तळ उघडायचा. बाईसाहेब एवढ्या शिकलेल्या, आणि पहारेकऱ्यासारख्या दारात उभ्या.

पाणी जायची वेळ झाली होती, म्हणून ती मघाशीच मोठी बादली काठोकाठ भरून आली होती. बाहेरून कडी घातली का, हा विचार मनात आला आणि त्याच क्षणी बाथरूममधून सर्रकन आवाज झाला. तेल घातलेल्या कडीचा.

तिच्या हातातलं ताट पडलं.

“टिकले, कडी काढ,” नवरा दाराशी पोचला होता. आतून हसू आलं, मग पाण्यात हात मारल्याचा आवाज. त्याने मुठीने दार बडवलं. भाऊ म्हणाला, भावोजी, खांदा लावू या. पहिल्या धक्क्याला दार हललंसुद्धा नाही. आतलं हसू थांबून भोकाड सुरू झालं.

“थांबा! ती दारामागेच असेल,” ती ओरडली. “तोडलंत तर तिच्यावर पडेल.”

नवरा थांबला. कोणत्या देशाचा कमांडो किती सेकंदांत दार फोडतो, याचं वहीत एक पानच होतं. आता तो नुसता कडीच्या उंचीला बघत होता, ओठ पांढरे पडलेले. पोरीचं रडणंही एकदम थांबलं. पाण्याचा आवाजही.

आत ती काठोकाठ भरलेली बादली. रोज बादलीपासून चार हात लांब ठेवलेली पोर. तिने दोघांना मागे ढकललं, गुडघ्यांवर बसली. नीट मोजून वाजवलं. दोनदा. थांबली. एकदा.

काहीच नाही.

पुन्हा. दोनदा, एकदा. “आई आलीय टॉवेल घेऊन,” ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखा ठेवायला तिला सगळी ताकद लावावी लागली.

सर्रकन कडी सरकली. टिकली कोपरापर्यंत भिजलेली, नाक वाहतंय. तिने पोरीला उराशी घट्ट धरलं.

“बघितलंस?” नवरा मेहुण्याला म्हणत होता. “एवढ्या गडबडीतही खूण ऐकल्याशिवाय उघडलं नाही. याला म्हणतात तालीम.”

तिने लेकीला भावाकडे दिलं, खणातला स्क्रू ड्रायव्हर आणला आणि खालच्या कडीचे चारही स्क्रू काढले. नवरा बघत राहिला. वहीत घालून ठेवा, म्हणून तिने कडी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती मुठीत धरली. मग हळूच म्हणाला, “वरची आज बसवतो.”

“बघा,” ती म्हणाली.

दुपारी तो आंघोळीला गेला, तेव्हा दाराला आतून एकही कडी नव्हती. पाय टेकवून दार धरलं होतं त्याने. खालच्या फटीतून तळव्याची कड दिसत होती. बाहेर आला तो थेट हातोडी शोधायला गेला. मागे फरशीवर त्याची ओली पावलं उमटली होती. सपाट, मध्ये कुठेच खळगा नसलेली.

ती फडकं घेऊन पुसायला वाकली. टिकली धावत आली आणि एका ठशाशेजारी स्वतःचा ओला पाय ठेवून उभी राहिली. उचलला, तर मोठ्या ठशाशेजारी छोटा ठसा. तोही सपाट.

फडकं हातात तसंच राहिलं. फरशी आपोआप वाळेपर्यंत ती तिथेच उकिडवी बसून होती.