पोकळ पोटाचा पहारेकरी

मी बोलतोय, दारावरचा कॅमेरा. हसू नका. मी खोटा आहे हे मला ठाऊक आहे, तुम्ही सांगायला नको. समोर काळी गोल काच, पोटात दोन सेल आणि एक लुकलुकणारा लाल दिवा, बाकी सगळा ठणठणाट. एवढ्या भांडवलावर मी गेली सहा वर्षं एक घर राखतोय. आहे कुणाची बिशाद आत शिरायची?

कारखान्यात एका टेबलावर खरे कॅमेरे तयार व्हायचे, शेजारच्या टेबलावर आम्ही. कवच तेच, रंग तोच. त्यांच्या पोटात काहीबाही भरायचे आणि आमचं झाकण तसंच लावून टाकायचे. वर खोक्यावर 'केवळ दिखाव्यासाठी' असं छापायचे. अस्सा राग यायचा मला!

मला या घरात काकांनी आणलं. काकू घरीच शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत दिवसभर त्यांचं मशीन चालू असतं आणि लोकांचे कपडे खुंट्यांवर टांगलेले असतात. आपलं गेलं तर गेलं, पण लोकांचं गेलं तर तोंड कसं दाखवायचं, हा काकूंचा घोर. गल्लीत लागोपाठ दोन घरं फोडली तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याचा हट्टच धरला. खरा परवडेना, म्हणून मी आलो. मला दारावर बसवताना काकांनी काकूंना बजावलं, की हे आपल्या दोघांतच राहू दे, मुलीलासुद्धा बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा वचक बसला. पोस्टमन माझ्याकडे बघून केस सारखे करायला लागला. सामान पोचवणारा आधी खोकं लांबूनच भिरकावायचा, तो आता अलगद ठेवून मला दाखवून जातो. शेजारीणबाई त्यांचा केर आमच्या पायरीकडे लोटायच्या, त्यांनी केरसुणीची दिशाच बदलली. एका भरदुपारी एक अनोळखी इसम कडीला हात घालणार, तोच त्याची नजर वर गेली. लगेच त्याने कुणाचा तरी पत्ता मोठ्याने विचारला आणि उत्तराची वाटही न बघता पसार झाला. गंमत म्हणजे किल्ली विसरली की खुद्द काकाही माझ्याकडे बघून ओशाळतात.

मग गेल्या वर्षी घराला रंग द्यायचं ठरलं. रंगारी चाळिशीचा, मोजकं बोलणारा, हाताचा स्वच्छ. पुढची खोली रिकामी करून मशीन व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं होतं. दाराची चौकट खरवडायची म्हणून त्याने मला खाली उतरवलं आणि तिथेच त्याला कळलं. मागे तार नाही, वजन नाही. त्याने झाकण उघडून आत डोकावलं. एखाद्याने भर बाजारात धोतर ओढावं तसं मला झालं. त्याने मात्र माझं झाकण नीट लावलं, मला पुसलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, तोंड बाहेर करून.

जेवायची वेळ झाली. काकू आत गेल्या, रंगारी मागच्या नळावर ब्रश धुवायला गेला. तेवढ्यात समोरचे साहेब आले. साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेलं प्रस्थ, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी आधी दाराच्या वर पाहिलं. माझी जागा रिकामी. मग हळूच एक हाक मारली, ती कुणाला ऐकू जाऊ नये इतकी हळू. आणि मशीनवर चादर टाकून, मुठीला धरून, ते घेऊन सरळ रस्ता ओलांडून घरी गेले. त्यांच्या सुनेला तसलंच मशीन हवं होतं, दोन महिने चौकशी चालली होती. कट्ट्यावर पडल्या पडल्या मी हे सगळं पाहिलं आणि दिवा लुकलुकवत बसलो. दुसरं काय करणार?

काकूंनी बाहेर येऊन पाहिलं तर टेबल मोकळं. आरडाओरडा झाला, शेजारी जमले, आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर साहेबांचा.

"आधी कॅमेरा उतरवला, मग मशीन गेलं. आणखी काय पुरावा हवा? द्या पोलिसांत."

काकांचं डोकं फिरलेलं. त्यांनी रंगाऱ्याची पिशवी सगळ्यांसमोर उपडी केली. ब्रश, डबा आणि घडी केलेला एक सदरा, एवढंच निघालं. रंगाऱ्याचं पोट लोकांच्या उघड्या दारांवर चालतं. चोर म्हणून एकदा बोभाटा झाला की गल्लीतच काय, गावात कुणी त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नव्हतं.

त्याच्या सुटकेचा रस्ता सोपा होता. कॅमेरा पोकळ आहे, त्याला घाबरून मी कशाला उतरवू, एवढं म्हटलं की झालं. आता हा बोलणार आणि साऱ्या गल्लीला माझं पोट दिसणार.

तो बोलला, पण वेगळंच.

"काका, कॅमेरा उतरवलाय, बंद नाही केला. तो बघा खिडकीत, दिवा चालू आहे, तोंडही व्हरांड्याकडेच आहे. कोण आलं होतं ते त्यात बघा. तोवर मी इथून हलत नाही."

काकांचा चेहरा पडला. काकूंनी मात्र एकदा रंगाऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना सगळं उमगलं. बाई हुशार.

"खरंच की," त्या शांतपणे म्हणाल्या. "संध्याकाळी मुलगी येईल, तिला लावता येतं. सगळेच या, मिळून बघू."

साहेबांना एकाएकी घरचं काहीतरी काम आठवलं. तासाभरात ते परत आले, चादरीसकट मशीन घेऊन. उघड्यावर दिसलं, कुणी उचलून नेईल म्हणून नेऊन ठेवलं होतं, मघाच्या गडबडीत सांगायचं राहिलं, असं म्हणाले. काकूंनी त्यांचे आभार मानले. इतके गोड आभार मी जन्मात ऐकले नव्हते. साहेब खाली मान घालून गेले.

काकांनी जमिनीवरचे ब्रश स्वतः वेचून पिशवीत भरले आणि चुकलं माझं म्हणाले. काकूंनी विचारलं, की तुमच्यावर एवढं बालंट आलं, तरी कॅमेऱ्याचं का नाही बोललात?

"काकू, मी घरोघरी काम करतो," तो म्हणाला. "कुणाची कडी नीट लागत नाही, कुणाची किल्ली कुंडीखाली असते. सगळं दिसतं मला. आजवर कुणाचं कुणाला सांगितलं नाही. मग तुमचंच कसं सांगू?"

तोवर मला वाटायचं, हे घर एकटा मी राखतो. त्या दिवशी कळलं, की माझ्यासारखे आणखीही पहारेकरी असतात, ना दिवा ना काच, नुसतं मिटलेलं तोंड. असा जोडीदार मिळाला याचा मला माझ्या सहा वर्षांच्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्याची पिशवी उपडी करायला हात उचलाल, तेव्हा जरा थांबा. तुमच्या घराची कडी कुठे सैल आहे, ते त्यालाही ठाऊक असतं.

आणि हो, माझं गुपित आता तुम्हालाही कळलंय. त्या रंगाऱ्याने ते स्वतःच्या अब्रूवर बेतलं तरी सांभाळलं. तुमच्यावर तर काहीच बेतलेलं नाही. तेवढं सांभाळा.