पंगतीत मोजलेली सहल

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना भोंगा आहे. बॅटरीवर गुरगुरणारा नव्हे. एका टोकाला तोंड लावायचं आणि दुसऱ्या टोकातून गाव गोळा करायचं, असला साधा. परभणीच्या गफूरमियाँनी राकेलच्या डब्याचा पत्रा कापून मला वळवलं, जोडाला डाख दिला, कड दुमडली आणि धरायला एक कान बसवला. आधी मी दवंडीच्या कामाला होतो. कुणाची म्हैस हरवली, लस टोचायला डॉक्टर कधी येणार, हे मी सांगायचो. ते दिवस बरे होते, कारण बोलणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असायचं.

पुढे मी दिनकररावांच्या हाती लागलो आणि माझं नशीब फुटलं.

दिनकरराव पिंगळीचे. दर थंडीत शाळांच्या सहली निघत आणि देवळं-बारवा दाखवायला या गृहस्थांना बोलावणं जाई. ते स्वतःला 'गाइड' म्हणवून घेत. माहितीच्या नावानं उचलली जीभ, लावली टाळ्याला! एकच देऊळ सोमवारच्या पोरांना पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं सांगत आणि गुरुवारच्या पोरांना यादवांनी. चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा एसटीभर शोधत. चपला एका गावाच्या देवळात राहत आणि त्यांची आठवण दुसऱ्या गावी येई. लोक हसत आणि वर कौतुकानं म्हणत, "विद्वान मानूस हाय, इसरायचाच."

विद्वान! अहो, मी त्या माणसाच्या तोंडाला लागलेला. तिथून विद्वत्ता बाहेर पडली असती, तर सगळ्यांत आधी मला कळली असती. आणि विसराळूपणाचं म्हणाल, तर आपलं ताट, आपली खिडकीजवळची जागा आणि आपल्या गळ्यात पडणारा हार, यांतलं काहीही ते कधी विसरले नाहीत.

त्यांना आपल्या एका युक्तीचा फार गर्व होता. देवळात पोरं इकडं-तिकडं पळतात, मोजायला सापडत नाहीत. म्हणून ते पोरांना पंगतीत मोजत. "जेवायला बसलेलं पोरगं हालत न्हाई," हे वाक्य ते प्रत्येक गुरुजीला ऐकवत, जणू काही मोठा शोधच लावला होता. पंगत उठली की थेट एसटी भरायची, पुन्हा मोजायचं नाही. गुरुजी लोकही माना डोलवत. आपलं काम टळलेलं कुणाला नको असतं?

आता १९७८ सालच्या थंडीतली गोष्ट सांगतो. त्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला होता आणि त्या रागात मराठवाड्यात गावोगावी बौद्धांची घरं जाळली गेली होती. थंडी आली तरी भीती गेली नव्हती. अनोळखी माणसानं आडनाव विचारलं की वस्तीतली मोठी माणसंही नुसतं गावाचं नाव सांगून सटकायची.

अशात पिंगळीच्याच शाळेची सहल निघाली. तिच्यात बौद्ध वस्तीतली दोनच पोरं होती. सातवीतली पंचफुला आणि तिच्या शेजारचा, पाचवीतला सूर्यभान. पंचफुलाची आई सुलाबाई एसटीजवळ आली, तेव्हा मी दिनकररावांच्या बगलेत होतो.

"दादा, दिवस कसे हायेत तुमाला ठाव हाय," ती म्हणाली. "माजा जीव न्हाई धजत. पोरगी लय हट्ट करायलीय म्हनून धाडते. ही दोघं नीट माघारी आली तर ठीक. न्हाईतर उद्यापासून हिची शाळा बंद."

"बाई, कायबी फिकर करू नका," दिनकररावांनी छातीवर हात ठेवला. "पोरांचा जिम्मा माजा."

पंचफुलानं आईकडं पाहिलं नाही. आईनं विचार बदलू नये म्हणून ती घाईनं एसटीत चढली.

दुपारी आम्ही जिंतूरकडच्या एका आडगावी पोचलो. तिथं जुनं देऊळ होतं, देवळामागं दगडी पायऱ्यांची बारव. गावचे आबासाहेब सगळ्या सहलीला जेवण घालणार होते. वडाखाली सतरंज्या पडल्या, बुंदीचा वास सुटला. आबासाहेब एक शब्दही बोलले नव्हते. त्यांनी फक्त पोरांवरून नजर फिरवली. पण न सांगितलेला हुकूम ऐकण्यात दिनकररावांचे कान भारी तिखट. ते लगबगीनं पंचफुलाजवळ गेले.

"तुमी दोघं बारवंवर बसा. तिथं सावली हाय. आन् हा भोंगा संबाळा, लय जिम्मेदारीचं काम हाय."

सावली वडाखाली होती. बारवेच्या काठावर ऊन रणरणत होतं. पण या माणसाला उघड अन्याय करायचीही हिंमत नव्हती, त्याला वर सावलीचं नाव हवं होतं. मला त्याची इतकी किळस आधी कधी आली नव्हती. पंचफुलाला सगळं कळलं. तिनं मला घेतलं, सूर्यभानचा हात धरला आणि ती निघाली.

कुणीतरी दोन पत्रावळी बारवेवर आणून ठेवल्या. पाणी आणलं नाही. तिकडं दिनकररावांनी पंगतीच्या कडेनं फिरत बोट नाचवत पोरं मोजली. मोजणी बरोबर आली, कारण जेवढी बसवली तेवढीच मोजली. सोबत आलेले रंगनाथ गुरुजी बुंदीत गुंतले होते. पंगत उठली, एसटी भरली आणि निघालीसुद्धा.

हॉर्न ऐकून दोघं धावत देवळापुढं आली, तोवर रस्त्यावर धूळच उरली होती. पंचफुलानं मला तोंडाला लावून हाक मारली. इतका जिवाच्या आकांताचा आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता. पण एसटीच्या खडखडाटात तो कुणाला ऐकू जाणार? वाढायला आलेलं गाव आवरून आपापल्या घरी गेलं होतं. दोघं पुन्हा बारवेवर येऊन बसली. परतले तर इथंच शोधतील, असा त्या पोरीचा हिशेब.

थोड्या वेळानं माणिकराव नावाचा एक इसम बैल घेऊन आला.

"कुनाची रं पोरं?"

"सहलीची," पंचफुला म्हणाली.

"ते दिसायलंय. आडनाव काय?"

तिनं मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तिचं काळीज माझ्या पत्र्यावर आपटत होतं. "सहलीचीच हाव आमी. एसटी यायलीय."

माणिकरावानं बैलाचा कासरा आवळला. न मिळालेलं उत्तर त्याला पुरलं असावं. "बसा मंग. पर पान्याला हात लावायचा न्हाई," असं बजावून तो गेला.

ऊन कलू लागलं. बुंदी खाऊन सूर्यभानचा घसा सुकला होता. "आक्का, पानी," असं म्हणत तो रडायला लागला. खाली पायऱ्यांच्या तळाशी पाणी होतं. पंचफुला वारंवार रस्त्याकडं बघत होती. आता आईला कळणार, आता शाळा गेली, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. शेवटी ती उठली. पत्रावळीचं पान चुरगाळून तिनं माझ्या अरुंद टोकात घट्ट कोंबलं.

"हात लावायचा न्हाई म्हनला ना त्यो? न्हाई लावत."

ती पायऱ्या उतरली. कान धरून तिनं मला पाण्यात बुडवलं आणि भरून वर काढलं. आधी सूर्यभान प्यायला, मग ती. मित्रांनो, आयुष्यभर माझ्यातून नुसता वारा गेला. त्या दिवशी मला वाटलं, की गफूरमियाँनी मला घडवलं ते वाया गेलं नाही.

आणि मग एसटी परत आली. कशी, ते मला मागाहून पोरांच्या बोलण्यातून कळलं. मनकर्णा नावाच्या पोरीनं वाटेतच सांगितलं होतं, "दादा, पंचफुला राह्यली!" दिनकरराव तिच्यावर खेकसले होते, "गप बस. पंगतीत मोजलंय मी." पुढच्या देवळाशी उतरून त्यांनी भाषणासाठी हात पुढं केला, तर हाताला भोंगा लागेना. तेव्हा मात्र साहेबांचा जीव खालीवर झाला आणि त्यांनी तिथल्या तिथं एसटी फिरवायला लावली. एका जित्या पोरीच्या नावानं न फिरलेली चाकं राकेलच्या डब्याच्या पत्र्यासाठी फिरली!

"भोंगा! भोंगा कुठाय?" ओरडतच ते बारवेवर आले आणि पोरांना बघून थबकले. "तुमी? तुमी हितं काय करायलाव?"

पंचफुलानं मला पाठीमागं धरलं. "तुमीच बसवलंव की."

"बरं बरं, झालं. आन तो भोंगा. हा वला कशानं झाला?"

"बारवंचं पानी पिलो आमी त्यातनं."

दिनकररावांनी आजूबाजूला पाहिलं. आबासाहेबांचा माणूस तर ऐकत नाही ना, एवढीच त्यांची फिकीर. एसटीच्या खिडक्यांतून पोरं माना काढून बघत होती.

"आदी आमाला मोजा," पंचफुला म्हणाली. "मंग भोंगा."

"येडी का खुळी? चल, बस गाडीत."

"न्हाई. मोजा."

ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"आईकू न्हाई आलं," ती म्हणाली आणि माझ्या टोकातलं पान उपटून तिनं मला पुढं केलं. "ह्यातनं मोजा. समद्यांना आईकू जाऊ द्या."

माझ्या कडेवरून अजून पाणी ठिबकत होतं. दिनकरराव माझ्याकडं असे बघत होते, जणू काही मी साप होतो. मनकर्णा खिडकीतून ओरडली, "मोजा की, दादा!" मग सगळी एसटीच ओरडू लागली. गाव गोळा होईल या धास्तीनं त्यांनी डोळे मिटले, मला उचललं आणि तोंडाला लावलं.

"एक," ते म्हणाले. "दोन."

त्या माणसानं माझ्यातून सांगितलेली ही एकच खरी माहिती.

त्यानंतर त्यांनी मला कधी तोंडाला लावलं नाही. मी पिंगळीतल्याच कडूबाईंच्या दुकानात राकेल ओतायचं नरसाळं झालो आणि तिथं मी सुखी आहे. सुलाबाई राकेल न्यायला यायची. दोघं नीट माघारी आली म्हणून पोरीची शाळा बंद झाली नाही, पुढं ती दहावीला बसली, हे मी आईच्याच तोंडून ऐकलं. दिनकररावही दुकानाच्या ओट्यावर बसून गप्पा हाणत. एका भोंग्यासाठी आपण एसटी कशी माघारी फिरवली, ही गोष्ट ते रंगवून सांगत आणि लोक पोट धरून हसत. त्या गोष्टीत भोंगा असे, ड्रायव्हर असे, रस्त्यावरचे खड्डेसुद्धा असत. बारवेवरची दोन पोरं कधीच नसत.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पत्रा आहे, गंजायचाच. पण कधी कुणाला घेऊन निघालात, तर मोजायला पंगतीपासून सुरुवात करू नका. सावलीच्या नावानं ज्यांना उन्हात बसवलंय, त्यांच्यापासून करा. आणि कुणी विसरभोळा विद्वान भेटला, तर हसून त्याचं कौतुक करू नका. तो विसरतो कुणाला, ते आधी बघा.