एकाच वाचकासाठी शेवट

अमिता गोष्टी लिहायची त्या व्हॉट्सॲपच्या स्टेटसला मावतील एवढ्याच. वाशीच्या दीड खोलीत लोकांच्या ब्लाउजांच्या बाह्या उसवता उसवता गोष्ट डोक्यात शिजायची, आणि चहा गाळून झाला की अंगठ्याने उतरायची. दुसऱ्या दिवशी ती आपोआप पुसली जायची, म्हणून बायका उठल्याउठल्या आधी अमिताचं स्टेटस उघडायच्या. फिटिंगला आलेली मोनाली तर हुक लावायच्या आधी विचारायची, "काकी, काल तिनं नवऱ्याचा डबा खाडीत फेकला, मग पुढं?" त्या एका "मग पुढं"नं अमिताला जेवल्यासारखं पोटभर वाटायचं. असे वाचक तिनं एकेक करून जोडले होते. मापं घेता घेता, नंबर सेव्ह करता करता.

धाकटा दीर हितेश उलव्यात फ्लॅट दाखवायचं काम करायचा. तो रोज या स्टेटसचा स्क्रीनशॉट काढायचा आणि गोष्ट फेसबुकवर आपल्या पानावर टाकायचा, खाली स्वतःचं नाव लावून. पानाला हजारो लोक जोडले गेले. मोऱ्याच्या, म्हणजे सासरच्या गावच्या, नातेवाइकांचा तर पक्का समज झाला की लिहितो हितेशच, वहिनी बिचारी कौतुकानं स्टेटसला ठेवते. "दिराचा केवढा कवतिक गो तुला!" म्हणत एका मावससासूनं हळदीत अमिताचा गाल ओढला होता. गाल दोन दिवस दुखला. आत जे दुखलं ते काही थांबलं नाही.

ती एकदा हितेशशी बोललीही होती. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "वहिनी, घरातलंच आहे ना? तुझं काय नि माझं काय? टेन्शन कशाला घेतेस? तुझ्या नावानं टाकलं तर ब्लाउजवाल्या सोडून कोण वाचणार?"

नवरा कुंदन पावणे गावातल्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला, तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, भाऊ आहे." अमितानं जाऊ दिलं नाही. फक्त तसं दाखवलं.

मग कळलं की हितेश पुस्तक काढतोय. वाशीत हॉल घेतलाय, समोसे सांगितलेत, राजेश्वरीबाई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका पाहुण्या आहेत. त्याच आठवड्यात अमितानं एक लांब गोष्ट सुरू केली. रोज थोडी थोडी. हिरूबाई नावाची एक कोळीण. खाडीत तिच्या घराण्याचा खुंट, त्याला बांधलेलं तिचं जाळं. कोळीवाड्यात अशी जागा पिढ्यांपासून ठरलेली असते, दुसऱ्याच्या खुंटाला कुणी हात लावत नाही. आणि हिरूबाईचं जाळं कुणीतरी ओहोटीला गुपचूप रिकामं करतंय.

लोक वेडे झाले. चोर कोण, हिरूबाई काय करणार? हितेशच्या पानावर खाली नुसत्या पैजा लागल्या. फुगून जाऊन त्यानं जाहीर केलं, "शेवटचा भाग मी रविवारी स्टेजवर वाचणार!"

"वाचा की," अमिता मशीनला म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं शेवट स्टेटसला ठेवला. ठेवण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन एकाच नावापुढे खूण केली, म्हणजे तो सगळ्यांना दिसेल, हितेशला सोडून. एका तापट गिऱ्हाइकापासून स्टेटस लपवायला ती हे मागेच शिकली होती. थोड्या वेळानं फोन आलाच.

"वहिनी, आज काही दिसत नाही तुझं?"

"बाह्या लावतेय हो भाऊजी. हातातलं झालं की टाकते."

मागायलासुद्धा लाज नाही, तिनं मनात म्हटलं, आणि दोरा दातांनी तोडला.

हॉलच्या दारात हितेश सिल्कच्या कुर्त्यात उभा होता. मावससासू त्याला म्हणाली, "शेवट वाचून रडले रं पोरा!" तिनं काय वाचलं हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं हात जोडले. पहिल्या रांगेत सासूबाई कमळी बसल्या होत्या, केसांत अबोली, लेकाच्या अभिमानानं मान ताठ. त्यांना बघून अमितानं हातातला मोबाईल परत पर्समध्ये ठेवला. क्षणभर वाटलं, नको. तेवढ्यात माइकवरून हितेश म्हणाला, "माझी पहिली फॅन, माझी वहिनी! टाळ्या!"

टाळ्या थांबेपर्यंत अमितानं लिहून तयार ठेवलेला दुसरा शेवट टाकला होता. हा फक्त हितेशला दिसणारा.

त्यानं हळूच मोबाईल बघितला, चेहरा खुलला, आणि थेट वाचायला लागला. "हिरूबाईनं जाळ्यात एकच मोठा मासा ठेवला, शेपटीला लाल दोरा बांधून. चोर तो घेऊन बाजारात बसला. सगळ्या कोळणींनी दोरा ओळखला. तेव्हा चोर म्हणाला, घरातलंच आहे ना, तुझं काय नि..."

हितेश तिथेच अडकला. स्वतःचं वाक्य त्याला उशिरा ओळखू आलं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मोनाली उठली. "सर, सकाळी वेगळा शेवट होता ना? काकींच्या स्टेटसला?"

"तो... तो माझा आधीचा ड्राफ्ट. मीच वहिनीला पाठवला."

"कधी पाठवलात, भाऊजी?" अमिता जागेवरूनच म्हणाली. "मेसेज दाखवा. मी माझं दाखवते."

ती स्टेजवर गेली आणि मोबाईल राजेश्वरीबाईंच्या हातात दिला. आत्ता वाचलेला शेवट तिथे शब्दन् शब्द होता. खाली, कुणी बघितला त्या जागी, एकच नाव. बाईंनी ते माइकवर वाचलं. मग हितेशकडे हात पुढे केला. "तुमचा मोबाईल?"

त्यानं तो खिशात घातला.

बाईंनी पुस्तक मिटून टेबलावर पालथं ठेवलं. मग एकेक करून लोक घेतलेली पुस्तकं परत आणून ठेवायला लागले. अमिता प्रत्येकाकडे बघत उभी राहिली. तिला हलायचंच नव्हतं. हितेश मागच्या दारानं गेला, तेही तिनं डोळे भरून बघितलं. बायकांचा घोळका तिच्याभोवती जमला, नंबर मागत, नाव विचारत. "पूर्ण नाव सांगा हो." तिनं पूर्ण नाव सांगितलं. एकीला नीट ऐकू गेलं नाही, तर दोनदा.

हॉल रिकामा झाल्यावर कमळी तिथेच बसलेल्या दिसल्या. अमिता समोशांची प्लेट घेऊन शेजारी बसली.

"माज्या पोराचा तोंड काला केलास," कमळी म्हणाल्या.

"हो."

"मना आदी सांगला असता त मीच त्याला हानला असता." मग त्यांनी विचारलं, "सकालचा शेवट काय व्हता गो? मना वाचता येत नाय."

"हिरूबाई चोराला घरी बोलावते. त्यानंच चोरलेल्या मच्छीचं कालवण वाढते. म्हणते, मागितली असतीस तरी दिली असती."

"मंग तू का नाय तसा केलास?"

"ती गोष्ट होती, आई," अमिता म्हणाली, आणि त्यांच्या हातात समोसा दिला.