बांबूची सर्व्हिस आणि आत्याचा सट्टा

आपल्या सामन्यांवर कुणी सट्टा लावतं, याचा सगळ्यात मोठा धक्का खुद्द बांबूलाच बसला. तो ज्या पातळीवरचं टेनिस खेळायचा, तिथे प्रेक्षकांत त्याची आत्या असायची आणि फार तर वाट चुकलेलं एखादं कुत्रं. तरी चौकशी अधिकारी आला, खेळाडूंच्या खोलीतल्या मालिशच्या टेबलावर बूड टेकवून बसला आणि शांतपणे सांगू लागला. सेट जिंकायला एकच गेम उरला की बांबूच्या सर्व्हिस जाळ्यात जातात, आणि दर वेळी कुणीतरी त्यावर आधीच पैसे लावून बसलेलं असतं. तो मुद्दाम हरत असेल तर आजन्म बंदी.

बांबूच्या तोंडचं पाणी पळालं. टेनिस सोडलं तर त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. टेनिस येत होतं असंही नाही, पण ते सोडायची त्याची तयारी नव्हती.

पैसे आत्याने लावले होते. तिने ते न विचारताच सांगून टाकलं. तिच्या गळ्यात खेळाडूच्या सोबत्याचा पास होता आणि पासवाल्यांना सट्ट्याची बंदी आहे हेही तिला ठाऊक होतं. फक्त तिची समजूत अशी, की आपल्या माणसाच्या बाजूने पैसे लावायला बंदी आहे. ती तर नेहमी विरुद्ध लावायची.

“मग हरणार हे त्याने आधी सांगितलं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“त्याला कुठलं माहीत! मला माहीत. शाळेतही शेवटच्या प्रश्नाला हा असाच आडवा व्हायचा.”

अधिकाऱ्याला हा पुरावा काही पटेना. त्याने बांबूला कोर्टवर नेलं आणि मनापासून मार म्हणाला. बांबूने मनापासून मारल्या. एकूण एक सर्व्हिस रेषेच्या आत. आयुष्यात असा हात कधी बसला नव्हता. अधिकाऱ्याचा चेहरा कडक होत गेला, कारण याला सगळं येतं हे आता उघडच होतं. आपण आपल्याच हाताने आपलं वाटोळं करतोय हे बांबूला कळत होतं, पण मनापासून मारतो असा शब्द दिला होता ना.

शेवटी आत्या बाकावरून उठली. “साहेब, पंचांना वर बसवा आणि गुण पुकारायला सांगा.”

पंच हातातलं सँडविच तसंच धरून उंच खुर्चीत चढले आणि कंटाळून पुकारते झाले, “पाच-चार.”

म्हणजे सेट जिंकायला बांबूला एकच गेम उरला. त्याने चेंडू वर फेकला. पहिली सर्व्हिस जाळ्यात. दुसरी जाळ्याकडे गेलीच नाही. रॅकेटच्या कडेला लागून ती मागे उडाली, पत्र्याच्या छपरावर आपटली आणि टुणकन खाली येऊन अधिकाऱ्याच्या कॉफीच्या मगात बसली.

अधिकाऱ्याने मगात डोकावून पाहिलं.

“हे ठरवून करता आलं असतं,” तो म्हणाला, “तर तू पहिल्या शंभरात असतास.”

बांबू सुटला. आत्याचा पास मात्र गेला, आणि तिला आवारात पाऊल टाकायला मनाई झाली. फाटकापर्यंत तिला सोडताना बांबूने विचारलंच, एकदाही माझ्या बाजूने लावावंसं वाटलं नाही?

“माझा तुझ्यावर जीव आहे रे,” आत्या म्हणाली. “पैसे कशाला लावू?”

पुढच्या सामन्यात पंचांनी पाच-चार पुकारलं, तेव्हा ती कुंपणाबाहेर टॉवेल घेऊन उभी होती. आत, बाकावर बसलेल्या अधिकाऱ्याने आपल्या मगावर झाकण ठेवलं.